गाजर गवत : ओळख व नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
इतिहासलेखनात राजवटी, युद्धे व चळवळी यांना जे स्थान लाभले ते वनस्पतींना क्वचितच लाभले. तथापि शेतजमीन, गायराने व मानवी आरोग्य यांवर दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या परकीय तणांचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाचाच एक भाग होय. महाराष्ट्रात 'गाजर गवत' किंवा 'काँग्रेस गवत' या नावांनी परिचित असलेली पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही वनस्पती त्याचे ठळक उदाहरण आहे. हे तण ओळखण्यास व आटोक्यात ठेवण्यास समाज कसा शिकला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आगमनाच्या नोंदी :
ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. १९५५ मध्ये ती पुण्यात उकिरड्यांवर आढळली आणि रोला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध केली. पुढे अभ्यासकांनी त्याहून जुन्या नोंदी दाखवून दिल्या. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता उद्यानातील वनस्पतींच्या यादीत हे नाव आढळते, तसेच डिट्रिख ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना देहरादून येथे असल्याचे नमूद आहे. म्हणजेच वनस्पती देशात येणे व तिचा उपद्रव सुरू होणे या दोन भिन्न घटना होत.

लोकसमज व कालक्रम :
'पी. एल. ४८०' योजनेच्या अमेरिकन गव्हाबरोबर हे तण आले, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु या कायद्याखालील भारताचा पहिला मोठा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, तर पुण्यातील वनस्पती त्यापूर्वीच, १९५५ मध्ये आढळली होती. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला २० लाख टन धान्यासाठी कर्ज दिले होते. त्यामुळे आयात धान्यातून बी आल्याची शक्यता उरते. मात्र सारा दोष एकाच योजनेवर ठेवणे कालक्रमाशी जुळत नाही.

ओळख :
नावात 'गवत' असले तरी ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. कोवळ्या अवस्थेत पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. ती गाजराच्या पानांप्रमाणे खोलवर विभागलेली असतात. पुढे खोड उंच वाढून अनेक फांद्या फुटतात व लहान पांढरी फुले येतात. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. म्हणून फुले येण्यापूर्वीची ओळखच खरी उपयुक्त ठरते.

या ओळखीची गरज आरोग्याच्या प्रश्नाने अधिक तीव्र केली. लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ मध्ये या तणाच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्यास कारणीभूत ठरते. उघड्या हातांनी खुरपणी करणाऱ्या मजुरांना याचा धोका सर्वाधिक असतो.

नियंत्रणाचे प्रयत्न :
कर्नाटकाने १९७५ मध्ये हे तण उपद्रवी म्हणून घोषित केले. पण केवळ कायद्याने त्याचा प्रसार थांबला नाही. १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलोराटा हा भुंगेरा बंगळूर येथे आणण्यात आला व चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. तो पावसाळ्यात या तणाची पाने फस्त करतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो सूर्यफुलावर दिसल्याने वाद निर्माण झाला, परंतु सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले गाजर गवताचे परागकण त्यास आकर्षित करतात, असे अभ्यासातून पुढे आले. कोरड्या ऋतूत भुंगेरा निष्क्रिय होत असल्याने त्याच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. म्हणून ओल्या जमिनीतून हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वी झाडे मुळासकट उपटणे, पडीक जागी टाकळा वाढवून तणाशी स्पर्धा निर्माण करणे आणि आवश्यक तेथेच तणनाशक वापरणे, हे उपाय एकत्र योजावे लागतात.

निष्कर्ष :
१) कागदोपत्री नोंद असूनही उपद्रव झाल्यावरच या वनस्पतीकडे समाजाचे लक्ष गेले.
२) आगमनाचा दोषी शोधण्यापेक्षा प्रसाराची कारणे तपासणे अधिक फलदायी ठरते.
३) कोणताही एक उपाय पुरेसा नाही, बी धरण्यापूर्वीची ओळख हाच सर्व उपायांचा पाया आहे. तिचे शिक्षण शाळा, ग्रामपंचायत व शेतमजूर यांच्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे, कारण तणाचा पहिला स्पर्श संशोधकाच्या नव्हे, तर मजुराच्या हाताला होतो.