ज्ञानप्रसारक सभा आणि रोह्याचे रूळ

मराठी गद्याच्या इतिहासात ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाची नोंद बहुधा एका ओळीत आटोपली जाते : 1850 साली आरंभ, 1867 साली अखेर. त्यातील बराचसा मजकूर छापला जाण्याआधी सभेत मोठ्याने वाचला गेला होता, हे मात्र या नोंदीत हरवते. 1848 च्या जूनमध्ये मुंबईच्या एलफिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिची मराठी शाखा, ज्ञानप्रसारक सभा, सुरू झाली. सभासदाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर बोलावे आणि मग तो मासिकात यावा, अशी ही रीत होती.

या सभेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर. 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारा वैयाकरण पदार्थविज्ञानापासून इतिहासापर्यंतच्या विषयांची चर्चा चालवीत होता, यात त्या पिढीला काही विपरीत वाटले नाही. विज्ञान लोकांना सांगणे हा भाषेचाच प्रश्न आहे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. काळही तसाच होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि त्याच दशकात मुंबई तारेने दूरच्या शहरांशी जोडली गेली. गावे एकमेकांशी बांधणारी ही यंत्रे पाहता पाहता रोजच्या व्यवहारात आली. ‘आगगाडी’ आणि ‘तारायंत्र’ हे शब्द रुळले ते लोकांच्या बोलण्यातून.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांच्या पुढाकाराने 1825 पासून नाताळची व्याख्याने होत असत. 1848 च्या नाताळात फॅरडे यांनी मुलांसमोर विषय घेतला साध्या मेणबत्तीचा. घरात रोज जळणाऱ्या वस्तूपासून रसायनशास्त्रापर्यंत श्रोत्याला नेण्याची ही पद्धत पुढे जगभर अनुकरणीय ठरली. दीडशे वर्षांनी, 1998 मध्ये, इंग्लंडमधील लीड्स येथे डंकन डॅलस यांनी ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केले. व्यासपीठ नाही, थोडे बोलणे, मग चहा-कॉफी आणि मग मनसोक्त प्रश्न. आम्हांला त्यात ज्ञानप्रसारक सभेचीच दूरची भावंडे दिसतात.

आपल्याकडे मधल्या काळात बरेच घडले. 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. 1928 मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि 1980 मध्ये लोकविज्ञान संघटना उभी राहिली. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि व्याख्यानमालेच्या साच्यात वक्ता बोलतो, श्रोता ऐकतो आणि प्रश्नांसाठी शेवटची दहा मिनिटे उरतात. दुसरीकडे 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर परिभाषा घडवण्याचे काम समित्यांकडे गेले. कोश सिद्ध झाले, पण शब्द सभेत उच्चारून, कोणाच्या तरी शंकेवर घासून पाहण्याची संधी आटली.

आता रोह्याकडे पाहू. मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण खुला झालेला कोकण रेल्वेचा मार्ग येथूनच सुरू होतो. या मार्गावर दरड कोसळल्याचा इशारा गाडीच्या चालकास देण्यासाठी ‘रक्षा धागा’ नावाची योजना विकसित झाली. पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, तर सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे आहेत. वारा, पाणी, दगड आणि गाडी यांना एका निरोपाच्या साखळीत गुंफणारी ही व्यवस्था. ज्याला आज ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणतात, त्याचे तत्त्व मुळात हेच. वस्तूने जाणावे, कळवावे आणि दुसऱ्या वस्तूने वा माणसाने त्यावर कृती करावी. ‘रक्षा धागा’ या नावात राखी आहे, सूत आहे, बंधन आहे. ‘संवेदक’ हा शब्द अचूक असूनही जिभेवर बसत नाही. ‘धागा’ मात्र ऐकताक्षणी उमगतो.

हाच धागा आता घराघरांत शिरतो आहे. विजेचा मीटर, हातातील मोबाइल, दुकानातील पैशांचा व्यवहार, सारे कोठे तरी काही कळवीत असते. काय कळवले जाते, कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यालाही विचारता आला पाहिजे आणि तो मराठीत विचारता आला पाहिजे. ज्या भाषेत आक्षेप घेता येत नाही, त्या भाषेत संमतीही खऱ्या अर्थाने देता येत नाही.

म्हणून हे काम केवळ विज्ञान विभागाचे आहे, असे आम्हांला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील निबंध आपण शैलीचा नमुना म्हणून शिकवतो. त्यामागची सभा शिकवत नाही. महिन्यातून एकदा भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने रोजच्या वापरातील एक वस्तू टेबलावर ठेवावी, मराठीच्या विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी नाना शंका काढाव्यात आणि जे शब्द त्या चर्चेत टिकतील ते लिहून ठेवावेत. दादोबांच्या सभेला याहून अधिक साहित्य उपलब्ध नव्हते.