पेयजल परीक्षण : औद्योगिक रसायनांसाठी

कारखान्यांतून नदीनाल्यांत आणि भूजलात उतरलेली रसायने पिण्याच्या पाण्यात आहेत का, असल्यास किती, हे मोजण्याची प्रयोगशालेय पद्धत. या तपासणीत उपकरण सहसा सांगितलेलाच पदार्थ शोधते. म्हणून ‘पाणी मानकात बसते’ या शेऱ्याचा अर्थ यादीतले पदार्थ मर्यादेत आहेत एवढाच होतो. यादीबाहेरच्या पदार्थांबद्दल तो काहीच सांगत नाही.

याचा स्पष्ट पुरावा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मिळतो. विल्मिंग्टन शहर केप फिअर नदीचे पाणी पिते आणि नदीच्या वरच्या अंगाला, फेएटव्हिलजवळ, फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना आहे. आधी यादी न ठरवता संशोधकांनी अतिसूक्ष्म भेद टिपणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने नदीचे पाणी तपासले, तेव्हा नेहमीच्या तपासणीत कधीच न दिसलेली संयुगे समोर आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांपैकी ‘जेनएक्स’ शहराच्या कच्च्या पाण्यात लिटरमागे सरासरी ६३१ नॅनोग्रॅम होते. ओझोन आणि गाळण यांतूनही ते जवळजवळ तसेच नळापर्यंत जात होते. नागरिकांना हे कळले २०१७ मध्ये; पाण्याला ना रंग होता ना वास, मग त्यांना शंका तरी कशी यावी?

‘पीफास’ या फ्लोरिनयुक्त कुळातील अशा संयुगांचा नमुना घेणेही नाजूक काम आहे. बाटली पॉलिप्रॉपिलीनची लागते. टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण चालत नाही, कारण टेफ्लॉन त्याच कुळातले. सोबत शुद्ध पाणी नेऊन तेही जागेवरच दुसऱ्या बाटलीत ओततात, म्हणजे हाताकपड्यांवरून काही मिसळले असेल तर ते उघडे पडते. पाव लिटर पाण्यातला अंश शोषून एका मिलिलिटरवर आणला की मगच मोजणी होते.

इतक्या अल्प प्रमाणाचा बाऊ कशाला, असा एक आक्षेप असतो. पण याच कुळातले पीएफओए हे संयुग रक्तात निम्मे व्हायलाच दोन ते चार वर्षे लागतात. रोजचा घोट साठत जातो. म्हणूनच २०२४ साली अमेरिकेने त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हजारो रसायने कोणती नगरपालिका तपासणार, आणि कोणत्या पैशाने? सगळी तपासण्याची गरजच नाही. वरच्या अंगाचा कारखाना काय बनवतो आणि काय सोडतो, हे त्याला ठाऊक असते. ती माहिती नियामकाने सक्तीने घ्यावी, तिच्यावरून स्थानिक यादी करावी आणि यादीविना व्यापक तपासणी अधूनमधून करावी. भारताच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात शिसे, क्रोमियम, फिनॉल आहेत, पीफास नाहीत. इटलीतील त्रिस्सिनो येथे भूजल दूषित करून बंद पडलेल्या पीफास कारखान्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहे. त्या परिसरातल्या विहिरींची तपासणी केवळ या मानकावर विसंबून करणे अपुरे ठरेल.