चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचं इंजेक्शन : काय होतं, किती टिकतं, कुणी घेऊ नये?

पाचूबंदर (वसई) : वसई किल्ल्यालगतच्या आपल्या कोळीवाड्याला ऊन काही नवीन नाही. होडीत बसलं की पाण्यावरून उलटून येणारं ऊन, बोंबील वाळत घालताना डोक्यावरचं ऊन. अशा कामात डोळे सतत बारीक करावे लागतात आणि वयाच्या आधीच कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला रेघा दिसू लागतात. मोबाईलवर मात्र 'एका इंजेक्शनात सुरकुत्या गायब' अशा जाहिराती येतात. पैसे मोजण्याआधी ही माहिती वाचून ठेवा.

आधी तुमची सुरकुती ओळखा

आरशासमोर उभे राहा आणि चेहरा सैल सोडा. कपाळ आक्रसल्यावर किंवा हसल्यावरच रेघ दिसत असेल, तर ती स्नायूंमुळे पडते. तिथे बोटॉक्सचा उपयोग होतो. चेहरा सैल असतानाही रेघ खोल दिसत असेल, तर बोटॉक्सने ती थोडी कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

उन्हाने रापलेली, जाड किंवा डाग पडलेली कातडी हा वेगळा प्रकार आहे. बोटॉक्स स्नायूवर काम करतं, कातडीवर नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं दर्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा या इंजेक्शनने शहरातल्या जाहिरातीसारखा होईल, ही अपेक्षा ठेवू नका.

बोटॉक्स म्हणजे काय?

बोट्युलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूपासून मिळणारं विष आहे. औषध म्हणून ते अगदी सूक्ष्म प्रमाणात वापरतात. ते नसेकडून स्नायूला जाणारा निरोप काही काळ अडवतं, स्नायू सैल पडतो आणि वरची घडी उलगडते. आधी ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या फडफडण्यावर वापरलं जायचं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

फिलर हे वेगळं इंजेक्शन आहे. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची घडी किंवा बसलेले गाल भरायला जेलसारखा पदार्थ आत सोडतात. 'गोरं करणारं' ग्लुटाथायोन सलाइन या दोन्हींपैकी नाही. ते सुरकुत्यांचं औषध म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

कधी काय होतं?

• त्याच दिवशी : बारीक सुईने काही ठिकाणी टोचतात. काम १०–१५ मिनिटांचं असतं. मुंगी चावल्यासारखं दुखतं, थोडी सूज किंवा काळं-निळं दिसू शकतं.
• पहिले ४ तास : आडवं होऊ नका, चेहरा चोळू नका, खाली वाकून जड काम करू नका. त्या दिवशी जाळी ओढणं, टोपल्या उचलणं टाळा.
• ३ ते ५ दिवस : फरक दिसायला लागतो.
• २ आठवडे : पूर्ण परिणाम. लग्नकार्य असेल तर किमान महिनाभर आधी घ्या, आदल्या आठवड्यात नको.
• ३ ते ४ महिने : परिणाम ओसरतो, रेघा परत येतात. चालू ठेवायचं तर पुन्हा टोचावं लागतं, म्हणजे खर्चही दर खेपेला.

फिलरचा फरक लगेच दिसतो. प्रकारानुसार तो सहा महिने ते दीड वर्ष टिकतो.

खर्चाचा हिशेब

बोटॉक्सचे पैसे बहुतेक वेळा युनिटवर घेतात. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सचे साधारण २० युनिट लागतात, तर डिस्पोर्टचे ५०. एका कंपनीचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं, म्हणून नुसता युनिटचा भाव विचारून स्वस्त-महाग ठरवू नका. कंपनी कोणती, एकूण किती युनिट आणि सगळे मिळून किती रुपये, हे लिहून घ्या. सुंदर दिसण्यासाठीच्या अशा उपचाराचे पैसे आरोग्य विम्यातून साधारणपणे मिळत नाहीत.

कुणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. मायस्थेनियासारखा स्नायू कमजोर करणारा आजार असेल, टोचायच्या जागी पू किंवा पुरळ असेल, तरी नको. रक्त पातळ करणारी गोळी किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धोका कुठे आहे?

डोकं दुखणं, एखादी पापणी किंवा भुवई उतरणं असं होऊ शकतं. पापणी बहुधा काही आठवड्यांत जागेवर येते. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर औषध शरीरात पसरलं असण्याची शक्यता असते. असा त्रास काही तासांनीच नव्हे, काही आठवड्यांनीही होऊ शकतो. वाट न बघता १०८ ला फोन करा.

फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाची कातडी मरू शकते, क्वचित नजरही जाते. टोचल्यावर कातडी पांढरी किंवा जांभळी पडली, खूप दुखलं किंवा अंधुक दिसलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवण्याचं औषध असतं. टोचणाऱ्याकडे ते तयार आहे ना, हे आधीच विचारा.

नकली मालाचा धोका खराच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या अशा इंजेक्शनांमुळे ११ राज्यांत २२ महिलांना त्रास झाला. त्यातल्या ११ जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. घरी किंवा पार्लरमध्ये टोचून घेतलेल्यांचाही त्यांत समावेश होता.

जाण्याआधी हे विचारा

१. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
२. इंजेक्शन स्वतः डॉक्टर देणार की दुसरं कुणी? पार्लरमध्ये टोचून घेऊ नका.
३. बाटली माझ्यासमोर उघडणार का? नाव, बॅच नंबर आणि मुदत बघून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.
४. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणार का? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा?

इंजेक्शन न घेताही

रुंद काठाची टोपी, उन्हाचा चष्मा आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन हे रोजच्या कामात जमण्यासारखं आहे. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि घामाने, पाण्याने धुतलं गेलं की पुन्हा लावा. चष्म्यामुळे डोळे बारीक करावे लागत नाहीत, त्यामुळे नवीन रेघा कमी पडतात. विडी-सिगारेटने सुरकुत्या वाढतात. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइडची 'गोरेपणाची क्रीम' लावू नका, तिने कातडी पातळ होते.

चेहऱ्यावरची जखम महिनाभर भरत नसेल किंवा तीळ वाढत, रंग बदलत असेल, तर आधी तो दाखवा, सुरकुत्यांचं नंतर बघता येईल. वसई रोडहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर रुग्णालय जवळ आहे. तिथे त्वचारोग विभाग आहे.