डुकराचे मांस आणि ड्रेस्डेनची मोलकरीण

सन १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला एका प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे कण दिसले. कणाकणात वेटोळे घातलेली एकेक अळी. रिचर्ड ओवेन या पंडिताने तिला नाव दिले, आणि पुढली २५ वर्षे ती निरुपद्रवीच समजली गेली.

१८६० च्या जानेवारीत ड्रेस्डेनच्या इस्पितळात एका शेतमालकाची तरुण मोलकरीण दगावली. विषमज्वर असे निदान झाले होते. मोलकरणीच्या तापाची चौकशी कोण करतो? फ्रीड्रिख झेंकर या डॉक्टराने केली. तिचे स्नायू या अळ्यांनी भरलेले होते आणि आतड्यांत वाढलेले जंत होते. झेंकर तेवढ्यावर थांबला नाही. ती ज्या घरी राबत होती तेथे गेला. नाताळच्या सुमारास तेथे डुक्कर कापले होते. खाटीकही आजारी पडला होता. उरलेल्या मांसात त्याच अळ्या सापडल्या. कच्च्या मांसाबरोबर त्या पोटात जातात, आतड्यात वाढतात, मादी तेथेच पिले घालते आणि ती रक्तावाटे स्नायूंत शिरतात, हा उलगडा अशा रीतीने झाला.

१८६५ मध्ये हेडर्सलेबेन गावात ३३७ माणसे आजारी पडली, त्यांतली १०१ मेली. कच्चा खिमा पावावर घालून खाण्याची तेथली रीत. रुडॉल्फ फिर्खो या डॉक्टराने आग्रह धरला, की कापलेले प्रत्येक डुक्कर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासलेच पाहिजे. हा गृहस्थ १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातल्या साथीच्या तपासाला गेला आणि औषधाऐवजी लोकशाही व शिक्षण मागत परतला होता; आम्हा चळवळवाल्यांना तो आपलासा वाटतो, तो एवढ्याचसाठी. खाटीकमंडळींनी विरोध केला. धंदा बुडेल, खर्च कोण सोसणार, असे त्यांचे म्हणणे. कारखान्यातल्या यंत्राला संरक्षक जाळी मागितली, की आम्ही ऐकतो ते उत्तर याहून निराळे नसते. खाटकांची अडचण मात्र खोटी नव्हती. जप्त झालेल्या डुकराची किंमत त्या गरिबाच्याच अंगावर पडे.

तरीही तपासणी आली. पुष्कळ ठिकाणी तपासनीस म्हणून नेमले गेले ते डॉक्टर नव्हेत, साधी माणसे, न्हावीसुद्धा. थोडे शिकवून त्यांच्या हाती यंत्र दिले, आणि मांसाच्या चिमटीएवढ्या तुकड्यांत ती अळी ते शोधू लागले. १९०० मध्ये सबंध जर्मनीसाठी मांसतपासणीचा कायदा झाला. ड्रेस्डेनच्या त्या मुलीच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी.