मानव्यविद्या आणि दारिद्र्याचा वेढा

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ या म्हणीत व्यवहाराचे शहाणपण आहे, यात शंका नाही. परंतु हेच सूत्र शिक्षणाला लावले की त्याचा अर्थ पालटतो. गरिबाला एखादे कसब शिकवून कामाला लावावे. तत्त्वज्ञान, काव्य आणि कला मात्र पोट भरलेल्यांसाठी राखून ठेवावी, अशी विभागणी त्यातून उभी राहते. या विभागणीला ज्या प्रयत्नांनी आव्हान दिले, त्यांत १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या क्लेमेंटे अभ्यासक्रमाचे स्थान महत्त्वाचे आहे.

या आव्हानाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०३ साली ॲल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगारांच्या शिक्षणासाठी संघटना स्थापन केली. कलकत्त्यात जन्मलेले इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी १९०८ मध्ये रॉचडेल व लाँगटन येथे तिचे विद्यापीठीय दर्जाचे वर्ग घेतले. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा आणि नियमित निबंधलेखन असा त्यांचा क्रम होता. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील कामगार विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आपल्याला प्रस्थापितांच्या विचारसरणीत मुरवले जात आहे, हा त्यांचा आक्षेप होता. गरिबाला उच्च शिक्षण द्यावे की नाही, या प्रश्नाबरोबरच त्यातील आशय कोणी ठरवावा, हा प्रश्नही अशा रीतीने आरंभापासूनच उपस्थित झाला.

क्लेमेंटे अभ्यासक्रमाचे जनक अर्ल शॉरिस हे लेखक होते. दारिद्र्यावरील ग्रंथासाठी माहिती जमवीत असताना बेडफर्ड हिल्स येथील स्त्रियांच्या तुरुंगात त्यांची एका बंदिनीशी भेट झाली. माणसे गरीब का राहतात, या प्रश्नावर तिने पैशाचा उल्लेखही केला नाही. नाटके, संग्रहालये, संगीत आणि व्याख्याने यांनी घडणारे शहरातील नैतिक जीवन गरिबांच्या मुलांना लाभत नाही, असे तिचे म्हणणे होते. या उत्तराने शॉरिस यांच्या विचाराला दिशा मिळाली. भूक, घरभाडे, पोलीस, व्यसने आणि एकाकीपणा यांचा वेढा गरीब माणसाभोवती पडलेला असतो; त्यामुळे तो सतत प्रतिक्रिया देत राहतो, विचार करण्याइतकी उसंत त्याला मिळत नाही, असे निदान त्यांनी केले. अशी उसंत मिळाली तर तो सार्वजनिक जीवनात उतरू शकेल. नागरिक होणे याचा ग्रीकांना अभिप्रेत असलेला अर्थ त्यांना येथे अपेक्षित होता.

काळ मात्र या कल्पनेला अनुकूल नव्हता. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने कैद्यांचे संघराज्यीय शैक्षणिक अनुदान काढून घेतले. १९९६ च्या कायद्याने गरिबांच्या आर्थिक साहाय्याला कामाची अट घातली. याच सुमारास मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील, रॉबर्टो क्लेमेंटे या पोर्तो रिकन बेसबॉलपटूचे नाव धारण करणाऱ्या समुपदेशन केंद्रात शॉरिस यांचा वर्ग भरू लागला. वर्तमानपत्र वाचता येणे एवढीच शैक्षणिक पात्रता होती. शुल्क नव्हते, प्रवासाच्या भाड्याची सोय होती. नीतिविषयक तत्त्वज्ञान, काव्य, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि तर्कशास्त्र हे विषय होते. शिक्षकाने उत्तरे सांगावयाची नाहीत, प्रश्न विचारावयाचे, ही सॉक्रेटिसाची पद्धत होती. बार्ड कॉलेजाने यशस्वी विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन श्रेयांक दिले.

तीसएक विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. शेवटपर्यंत टिकले ते जवळपास निम्मे. आजारपण, नोकरीच्या वेळा, घरच्या अडचणी यांचा वेढा वर्गाच्या दाराशी थांबत नाही, हेच यावरून दिसते. तथापि शॉरिस यांनी नोंदवलेला एक प्रसंग बोलका आहे. कामाच्या ठिकाणी एका सहकारी स्त्रीवर संतापलेल्या विद्यार्थ्याचा हात उगारण्याच्या बेतात होता. त्या क्षणी, अशा वेळी सॉक्रेटिसाने काय केले असते, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. प्रतिक्रिया आणि कृती यांच्यामध्ये विचाराला जागा मिळाली, ती अशी.

पाश्चात्त्य अभिजात ग्रंथांवरील भर हा या उपक्रमावरचा स्वाभाविक आक्षेप होय. रस्किनच्या संपातील प्रश्नच येथे नव्या रूपात पुढे येतो. त्याला मिळालेले उत्तर आशयाच्या विस्तारातून आले. मेक्सिकोच्या युकातान भागात हा अभ्यासक्रम माया भाषेत व माया वाङ्मयाच्या आधारे चालवला गेला. अलास्कातही मूळ रहिवाशांच्या परंपरेला त्यात स्थान मिळाले. कोणत्या समाजाचे ग्रंथ वाचावयाचे, हे बदलू शकते. ग्रंथाला प्रश्न विचारण्याचा अधिकार बदलत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

शॉरिस २०१२ मध्ये निवर्तले. २०१४ चे अमेरिकेचे राष्ट्रीय मानव्यविद्या पदक या अभ्यासक्रमाला देण्यात आले. असे वर्ग देणग्या आणि अनुदाने यांवर चालतात. ते कोणाचे घरभाडे भरू शकत नाहीत, वेतनही वाढवू शकत नाहीत. दारिद्र्यनिर्मूलनाच्या धोरणाला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहणे चुकीचे ठरेल. मात्र त्या धोरणाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांच्यासाठी ते आखले जाते त्यांना असावा, असे मानले, तर विचाराची साधनेही त्यांच्या हाती असली पाहिजेत. पोटोबानंतरच विठोबा हा क्रम तेथे अपुरा पडतो. भाकरी कोण वाटतो आणि किती वाटतो, हे विचारण्यासाठीही मानव्यविद्येची गरज भासते.