हत्तीरोगाच्या औषधांची प्राणिचाचणी

हत्तीरोगावरचे (फायलेरियावरचे) नवे औषध माणसाला देण्याआधी ते कृमिबाधित प्राण्यांवर तपासून पाहण्याची पद्धती. पूर्व विदर्भातील काही जिल्ह्यांप्रमाणे वर्धा जिल्हाही या रोगाच्या पट्ट्यात येतो. वर्ध्यालगतच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६९) जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात या कृमींवर दीर्घकाळ काम झाले आहे. डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने मुख्यतः रक्तातील प्रतिजनांवरून रोगनिदान करण्याच्या संशोधनात लौकिक मिळवला. औषधे व लसयोग्य प्रतिजने यांचे काम त्याच्या जोडीने झाले.

चाचणीची पहिली अडचण कृमीचीच. भारतातील बहुतेक रुग्णांना वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची बाधा असते आणि तो प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदीर-सशांत वाढत नाही. त्यामुळे त्याच्या भाऊबंदावर, म्हणजे ब्रुगिया मलायीवर, भागवावे लागते. हा कृमी मंगोलियन जर्ड आणि आफ्रिकेतील मॅस्टोमिस या दोन कृंतकांत चांगला रुजतो. म्हणजे वर्ध्याच्या रुग्णासाठीचे औषध आधी दुसऱ्याच कृमीवर, दुसऱ्याच शरीरात उतरते. निष्कर्ष वाचताना ही गोष्ट फार सहज विसरली जाते.

पद्धत अशी: एडिस इजिप्ती डासांना बाधित रक्त पाजतात. दहा-बारा दिवसांत त्यांच्या शरीरात संसर्गक्षम अळ्या तयार होतात. या अळ्या जर्डच्या उदरपोकळीत किंवा मॅस्टोमिसच्या कातडीखाली टोचतात. जर्डच्या पोटात कृमी जागच्या जागी वाढतात, म्हणून काचपात्रातल्या प्रयोगांसाठी कृमी मिळवायला तो सोयीचा. मॅस्टोमिसच्या रक्तात मात्र काही महिन्यांनी मायक्रोफायलेरिया (कृमीची सूक्ष्म पिल्ले) फिरू लागतात, त्यामुळे माणसातील रोगाशी त्याचे साम्य अधिक. पुढे एका गटाला औषध देतात, दुसरा गट तुलनेसाठी विनाऔषध ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी रक्ताच्या मोजलेल्या थेंबातील पिल्ले मोजतात. अखेरीस विच्छेदन करून हृदय, फुप्फुसे व वृषणांतून प्रौढ कृमी वेचतात. ते जिवंत आहेत का, मादीच्या गर्भाशयातील भ्रूण शाबूत आहेत का, हे पाहतात. नुसती पिल्ले मारणारे औषध डासांमार्फत होणारा प्रसार रोखते. प्रौढ कृमी तगले तर रक्तात पिल्ले पुन्हा दिसतात. खरी कसोटी म्हणून विच्छेदनाच्या मेजावर लागते.

आज सामुदायिक औषधोपचार मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या डीईसी (डायएथिलकार्बामाझिन) गोळीचा गुण १९४७ मध्ये कॉटन रॅट या उंदरातील लिटोमोसॉइडिस कृमीवर दिसला. काचपात्रात सोडलेल्या पिल्लांवर हे औषध जवळजवळ निष्प्रभ ठरते. ते यजमानाच्या प्रतिकारयंत्रणेच्या साहाय्याने काम करते. केवळ काचपात्रावर विसंबले असते तर डीईसी पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

सेवाग्रामच्या सहभागाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाडी उलट दिशेने निघाली. निर्गुडीचे मूळ आणि पळस व बेल यांची पाने यांच्या अर्कांनी काचपात्रात ब्रुगिया मलायीच्या पिल्लांची हालचाल मंदावली. विदर्भात बांधाबांधावर आढळणाऱ्या या वनस्पतींची ही माहिती मोलाची आहे. पण तेवढ्यावरून बेलाचा काढा हत्तीरोगावर घ्यावा असे म्हणणे शुद्ध उतावीळपणा ठरेल. अर्क पचनातून, यकृतातून जाऊन रक्तात किती उरतो, हे काचपात्र सांगत नाही.

या कामाला सेवाग्रामचे स्थळही थोडे अडचणीत टाकणारे. गांधीजींनी प्राण्यांच्या जिवंतपणीच्या चिरफाडीवर ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) टीका केली होती आणि त्यांच्याच नावाच्या संस्थेला औषधसंशोधनासाठी प्राणी लागतात. हा ताण कायद्याने मिटत नाही, फक्त चौकटीत बसतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० खालील केंद्रीय समितीच्या नियमांनुसार अशा प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची आधी मान्यता लागते. प्राण्यांची संख्या कमीत कमी का, वेदनाशमनाचे काय, प्राण्यांविना पर्याय तपासला का, याची उत्तरे संशोधकाला अर्जातच लिहून द्यावी लागतात.