मोडण्यासाठीच बनवलेलं यंत्र नीट मोडलं का?

माझ्या चॅप्टरच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एक वाक्य होतं : ‘टिंगलीचं यंत्र अयशस्वी ठरलं.’ गाइडनी ‘अयशस्वी’खाली रेघ मारून बाजूला एवढंच लिहिलं, ‘कोणाच्या मते?’ या दोन शब्दांनी माझे दोन महिने खाल्ले.

झाँ टिंगली (१९२५–१९९१) हा स्विस शिल्पकार. भंगार आणि इलेक्ट्रिक मोटर हेच त्याचं साहित्य. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पबागेत त्यानं ‘होमेज टू न्यूयॉर्क’ उभं केलं. प्रेक्षकांसमोर चालत चालत स्वतःलाच मोडून टाकायचं, एवढंच त्याचं काम. सायकलची चाकं, बाथटब, जुना पियानो, मोठा फुगा आणि ढीगभर मोटरी. बरंचसं सामान न्यू जर्सीच्या कचऱ्यातून उचललेलं. सगळ्याला पांढरा रंग, उंची २७ फूट.

पण मोडायचं तर ठरल्या वेळेला मोडायला हवं. त्यासाठी बेल लॅबचा इंजिनिअर बिली क्लूव्हर आणि त्याचा सहकारी हॅरल्ड हॉजेस मदतीला आले. त्यांनी टाइम-डिले रिले लावले, म्हणजे ज्याच्या त्याच्या मिनिटाला एकेक सर्किट चालू व्हावं. आणि सांगाड्याच्या सांध्यांत वुड्स मेटल भरलं. हा मिश्रधातू साधारण ७० अंश सेल्सिअसला वितळतो. चहाच्या पाण्याला उकळी फुटायच्याही आधी! सांध्याजवळ रेझिस्टर. करंट सोडला की रेझिस्टर तापणार, सांधा वितळणार, सांगाडा खचणार. एरवी रेझिस्टर असा तापला तर आपण सर्किटमध्ये चूक शोधत बसतो. इथं तीच गोष्ट मुद्दाम कामाला लावली होती. मला हे फारच भारी वाटतं.

१७ मार्चच्या संध्याकाळी यंत्र २७ मिनिटं चाललं. चित्रं काढणाऱ्या भागाचा पट्टा चुकीचा बसला होता, त्यामुळे कागद उलटाच गुंडाळला जाऊ लागला. पियानोचे तीनच सूर वाजत राहिले. पुढे पियानो पेटला आणि शेवटी अग्निशामक कर्मचाऱ्यानं आग विझवली.

हे वाचून मी ‘अयशस्वी’ लिहून मोकळी झाले होते. पण क्लूव्हरनं स्वतः या संध्याकाळीवर लेख लिहिलाय. त्याचा सूर असा, की वैज्ञानिक प्रयोग जसा फसत नाही, तसा हाही फसू शकत नव्हता. वाचून मी लगेच दुसऱ्या टोकाला गेले आणि ‘यशस्वी’ लिहून टाकलं. गाइडची पुन्हा रेघ! बरोबरच होतं. ज्यानं स्वतः वायरिंग केलं, त्यानं ‘फसलं नाही’ म्हणणं हे साक्षीदाराचं म्हणणं, निकाल नव्हे. डी. ए. पेनबेकरची फिल्म आहे, पण तीही कापून-जोडून केलेली. रिलेनं सर्किट नेमकं कधी जोडलं, हे पडद्यावर दिसणार कसं?

मग मी प्रश्नाचेच तुकडे केले. पट्टा चुकीचा बसणं ही जोडणीतली चूक, तिचा दोष टायमरला देता येत नाही. आग माणसानं विझवली, यंत्रानं नव्हे. पियानो पेटायचं तर ठरलेलंच होतं. म्हणजे एकाच संध्याकाळी काही गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या, काही झाल्या नाहीत, आणि त्यातल्या कुठल्या मोजायच्या हे ‘योजना’ कोणाची धरता त्यावर ठरतं : टिंगलीची, इंजिनिअरची की म्युझियमची.

यंत्राचा एक तुकडा त्याच म्युझियमच्या संग्रहात आहे. तो हलत नाही. चॅप्टरमध्ये सध्या त्या एका वाक्याच्या जागी चार पानं आहेत, आणि गाइडनी अजून ती परत दिलेली नाहीत.